सात मिनिटांची आत्या

वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींत माझ्याबरोबर रेल्वेने प्रवासाला यायला आता कुणीही तयार नाही. घरी जेवायला सगळे येतात, पुरणपोळी वाखाणतात, उरलेली डब्यात भरून नेतात. पण ‘पुढच्या महिन्यात झुरिकला जायचंय, जाऊ या का बरोबर?’ असं मी विचारलं की एकेकाला आपण विमानाची तिकिटं आधीच काढल्याचं आठवतं. त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही खोटंच बोलले असते.

मी वसुधा. वय चाळिशीला टेकलेलं, मूळची नाशिकची, नोकरी मोटारींच्या सीटा बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. आमच्या सीटा पलीकडच्या मोठ्या कारखान्यात नेमक्या बसवायच्या वेळेला पोचल्या पाहिजेत. उशिरा पोचल्या तर बोंबाबोंब, आणि लवकर पोचल्या तरी बोंबाबोंब, कारण ठेवायच्या कुठे? गोदामच नाही. हे सगळं जुळवून आणायचं काम माझं. वर्षानुवर्षं हेच केलं की माणसाचं डोकं त्याच साच्याचं होऊन जातं. हातात थोडा मोकळा वेळ ठेवून घराबाहेर पडणं मला अडगळ वाटायला लागलं. स्टेशनवर अर्धा तास आधी येऊन बाकावर बसलेलं कुणी दिसलं की मला त्याची कीव यायची. बिचाऱ्याला हिशेब जमत नसेल, असं मनात म्हणायची. मनातच म्हणायची असंही नाही.

आमच्या इथे खरी परीक्षा असते ती ‘आन्श्लुस’ची. म्हणजे एका गाडीतून उतरून पुढची पकडायची, ती जोडणी. शहाणी माणसं मधे तासभर ठेवतात, कॉफी पितात, बाथरूमला जातात. मी पाच मिनिटांची जोडणी शोधून काढायची आणि नवऱ्याला असं दाखवायची की जणू बाजारातून ताजी कोथिंबीर स्वस्तात आणलीय. कुठल्या स्टेशनात कुठला डबा जिन्यासमोर थांबतो, हे मला पाठ. बाझेलला म्हणे लोक धावतात. मी चालत जाऊन गाडी पकडलेली आहे. हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलंय ते विचारू नका.

एकदा मैत्रीण नीता आणि तिच्या नवऱ्याला घेऊन म्युनिकहून व्हिएन्नाला निघाले. साल्झबुर्गला पाच मिनिटांत गाडी बदलायची होती. बदलली की! फक्त नीताच्या नवऱ्याचा एक बूट जिन्यात राहिला. मी म्हटलं, “राहू दे रे, व्हिएन्नाला मिळतात बूट.” त्या दिवशी रविवार होता आणि रविवारी तिथे एकही दुकान उघडं नसतं, हे मी विसरले. तो माणूस राजवाडा बघायला एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नीताची सपात घालून हिंडला. फोटोत सगळे हसतायत, तो नाही.

माझा नवरा जयंत शांत माणूस आहे. तोसुद्धा एकदा म्हणाला, “वसू, तुला पोचायचं नसतंच. तुला फक्त पकडायचं असतं.” मी म्हटलं, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. मला ते कौतुक वाटलं होतं.

तर २०१४ सालच्या मे महिन्यात माझ्या भावाला, सिद्धेशला, मुलगी झाली. तो ब्रसेल्सला असतो. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर झालेली मुलगी. दवाखान्यांच्या खेपा, उपास, डोळे पुसणं, सगळं झालेलं. फोनवर तो रडला, मी रडले, मागून त्याची बायको ईप्सिता रडली आणि तिची आई मालिनीताई, ज्या बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या, त्या रडता रडता म्हणाल्या, “बारशाचा मुहूर्त काढलाय हं मी.”

मग सिद्धेश हळूच म्हणाला, “ताई, तू यायलाच पाहिजेस. आईबाबा असते तर गोष्ट वेगळी. आपल्याकडून तू एकटीच आहेस.”

आमचे आईबाबा दोघंही गेले त्याला बरीच वर्षं झाली. मला दुसरं भावंड नाही, त्याला दुसरी बहीण नाही. त्या मुलीला जगात आत्या म्हणून एकच, ती मी. तिचं नाव मी निवडायचं आणि मीच तिच्या कानात सांगायचं. पाळण्यात घालताना आत्याने नाव सांगायचं म्हणजे आपल्याकडे काय असतं ते मी सांगायला नको. मी नाव ठरवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. जयंतलाही नाही. सिद्धेश फोनवर लाडीगोडी लावायचा, “पहिलं अक्षर तरी सांग.” मी म्हणायची, “बारशाला कळेल. कानात सांगितल्याशिवाय नाव फुटायचं नाही.”

मुहूर्त शनिवारी दुपारी अडीचच्या आत होता. शहाण्या माणसानं काय केलं असतं? शुक्रवारी संध्याकाळी जाऊन भावाकडे झोपलं असतं. सिद्धेशही तेच म्हणाला. मी म्हटलं, “एक दिवस आधी येऊन करू काय? तुमच्या घरात आधीच माणसं मावत नाहीत. शनिवारी पहाटे निघते, कोलोनला गाडी बदलते, बाराला ब्रसेल्सात. साडी बदलायलासुद्धा वेळ आहे.” कोलोनला मधे किती वेळ आहे हे त्यानं विचारलं नाही. सात मिनिटं होती. माझ्या हिशेबानं ती चैन होती.

त्यात माझ्याबरोबर सासूबाई होत्या.

सासूबाई, म्हणजे प्रभाबाई, त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. जयंत नेमका कंपनीच्या कामाला चीनला. त्यांना घरात एकटं ठेवायचं कसं, म्हणून त्याही बारशाला निघाल्या. खरं तर त्या बाळाशी त्यांचं नातं लावायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. पण तयारी सगळ्यांत जास्त त्यांचीच. ईप्सितासाठी अळिवाचे लाडू, बाळासाठी हातानं शिवलेली कुंची, झबलं, टोपडं. “आत्याकडून कुंची जायला पाहिजे,” म्हणून शिवली त्यांनी, नाव माझं. मला साधी काजंसुद्धा करता येत नाहीत.

आणि या बाईंची पद्धत माझ्या बरोब्बर उलटी. सांगलीहून पुण्याला जायचं असलं तरी गाडीच्या तासभर आधी फलाटावर हजर. डबा आला की चढायची घाई नाही, उतरायची घाई नाही. गुडघे दुखतात म्हणून जिना एकेक पायरी करत. आदल्या रात्री त्यांनी विचारलं, “मधे गाडी बदलायला वेळ आहे ना गं?”

“भरपूर आहे, आई.”

“भरपूर म्हणजे चहा होईल?”

“चहा ब्रसेल्सला घेऊ.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लाडवांचा डबा पिशवीत सरकवला. सकाळी निघताना मी दाराशी बूट घालून उभी, टॅक्सी खाली, आणि या फ्रिज उघडतायत. “थांब, हातावर दही घालते.” मी म्हटलं, “अहो आई, टॅक्सी!” तर म्हणाल्या, “टॅक्सीवाल्यालाही घालते हवं तर.” मी दही चाटत चाटत जिना उतरले.

गाडीत बसल्यावर मात्र मी माझ्या रंगात आले. मुद्दाम पहिल्या डब्यातल्या जागा राखून ठेवल्या होत्या, कारण कोलोनला पहिला डबा थेट जिन्यासमोर थांबतो. खाली उतरायचं, पलीकडच्या फलाटावर चढायचं, समोर ब्रसेल्सची गाडी. हे सगळं मी सासूबाईंना हातवारे करून समजावून सांगत होते, तेवढ्यात घोषणा झाली. आज डबे उलट्या क्रमानं लागले आहेत. म्हणजे आमचा पहिला डबा शेवटी. कप्पाळ! या देशात हे अधूनमधून होतं, मला माहीत होतं. पण ते इतरांच्या बाबतीत होतं अशी माझी समजूत होती.

तरीही मी डगमगले नाही. म्हटलं, उतरायच्या आधी गाडीतूनच चालत पुढे जाऊ. सासूबाईंना उठवलं. डबे ओलांडत, बॅगा आपटत, ‘एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग’ म्हणत लोकांची माफी मागत आमची वरात निघाली. तिसऱ्या डब्यापर्यंत पोचलो आणि पुढे रस्ताच बंद. गाडी दोन तुकड्यांची होती, मधून जाता येत नव्हतं. तिथेच दाराशी उभ्या राहिलो. सासूबाई म्हणाल्या, “आपल्या जागा चांगल्या होत्या गं.” त्यात गाडीला उशीर व्हायला लागला. सात मिनिटांतली चार कोलोनच्या पुलावर उभं राहण्यातच गेली. समोर नदी, नदीपलीकडे ते प्रसिद्ध चर्च. सासूबाई म्हणाल्या, “काय सुंदर आहे!” मी चर्चकडे असं बघितलं जसं काही त्यानंच गाडी अडवली होती.

दार उघडलं. मी मोठी बॅग उचलली आणि म्हटलं, “आई, माझ्या मागे या, थांबू नका!” आणि पळाले.

पळणं मला छान जमतं. फलाटावरची गर्दी कापत जिन्यापर्यंत, जिना उतरून बोगद्यात, तिकडून पलीकडच्या जिन्यानं वर. घोषणा चालू होती, पण घोषणा ऐकतात ती नवखी माणसं. मला ठाऊक होतं ब्रसेल्सची गाडी कुठे लागते ते. धापा टाकत वर आले तर फलाट रिकामा. एक माणूस झाडू मारत होता आणि कबुतरं. पाटीवर पट्टी सरकत होती: ब्रसेल्सची गाडी आज दुसऱ्या फलाटावरून.

कुठल्या? तर ज्या फलाटावर आम्ही उतरलो होतो त्याच्याच दुसऱ्या बाजूनं. म्हणजे दारातून उतरून दहा पावलं चाललं असतं तरी पुरे होतं.

मी मागे बघितलं. सासूबाई मागे नव्हत्या. आता नव्हत्या म्हणजे केव्हापासून नव्हत्या, ते मला सांगता येईना, कारण मी मागे वळून बघितलंच नव्हतं. मग रुळांपलीकडे नजर गेली. तिथे लालसर गाडी उभी होती आणि तिच्या एका खिडकीत, पिशवी मांडीवर घेऊन, पदर सारखा करत, माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

त्यांनी मला बघितलं. घाबरणं वगैरे काही नाही. हात हलवून ‘ये की, ये’ म्हणत होत्या, जसं काही मी सांगलीच्या घराच्या फाटकाशी रेंगाळतेय. मी “आई! उतरू नका! नाही, उतरा! नाही, बसा!” असं काहीतरी ओरडले. माझं मलाही कळलं नाही, काचेआड त्यांना काय कळणार. जिन्याकडे धावले, चार पायऱ्या उतरले आणि वर गाडी हलल्याचा आवाज आला. मी तिथेच पायरीवर बसले.

दोघींचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. त्यांच्याकडे फोन नाही. जर्मन नाही, फ्रेंच नाही, इंग्लिश ‘थँक्यू’पुरतं. सहासष्ट वर्षांची बाई, सरहद्द ओलांडून परक्या देशात निघालेली, आणि मी ‘थांबू नका’ म्हणून गेलेली. त्यांनी ऐकलं नाही म्हणून बरं, नाहीतर बोगद्यात कुठेतरी पडल्या असत्या. सिद्धेशला फोन लावला. आधी त्याला काही कळेना. मग म्हणाला, “म्हणजे सासूबाई येतायत, पण तू नाही?”

“मी पुढच्या गाडीनं. दोन तासांनी.”

“ताई,” तो म्हणाला, “मी स्टेशनात जातो त्यांना घ्यायला.”

पुढचे दोन तास मी कोलोनच्या फलाटावर बसून काढले. बाकावर. वेळेच्या बऱ्याच आधी येऊन बसलेल्या माणसासारखी. समोरून जाणारी एकेक बाई माझ्याकडे बघून पुढे जात होती आणि मला खात्री होती की तीही माझी कीव करतेय. माझ्याकडे एक लाडूसुद्धा नव्हता, सगळे डबे ब्रसेल्सला गेलेले. मला सारखी ती खिडकी दिसत होती. तो ‘ये, ये’ करणारा हात आठवून मला स्वतःची फार लाज वाटत होती.

बाराच्या सुमारास सिद्धेशचा फोन आला. सासूबाई सुखरूप उतरल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. “अगं, त्या मजेत आहेत,” तो म्हणाला. “त्या उभ्या होत्या तिथेच समोर गाडी आली म्हणे. गणवेशातल्या माणसाला ‘ब्रसेल्स?’ विचारलं, त्यानं हात धरून चढवलं. तिकीट मागितलं तेव्हा खिडकीतून तुझ्याकडे बोट दाखवून ‘सून, सून’ म्हणाल्या. त्यानं लाडू खाल्ला आणि सोडून दिलं.”

मग त्याचा आवाज उतरला. “ताई, घरी सगळे जमलेत. खालचा हॉल चारपर्यंतच आपल्याकडे आहे. मालिनीताई मुहूर्ताचं म्हणतायत. अडीचच्या आत तू पोचशील?”

“पोचते,” मी म्हटलं. “दोनला स्टेशनात, अर्ध्या तासात तुझ्याकडे.” जोडणी परत अगदी तंग. सवय जाते थोडीच.

गाडीत बसले. आखनच्या अलीकडे शेतात गाडी उभी राहिली. काही कारण सांगितलं, सिग्नलचं की कसलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाहेर एक गाय माझ्याकडे बघत रवंथ करत होती. मी आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळ बघणं सोडलं, कारण बघून उपयोग नव्हता. अडीच हुकलेच होते.

सिद्धेशचा परत फोन. मागे कल्ला. “ताई, एक सांगू? रागावू नकोस. इथे ईप्सिताची मैत्रीण आहे, उल्का. इथल्या बऱ्याच बाळांच्या बारशाला आत्या तीच होते, कुणाची खरी आत्या येत नाही ना इथे. तू नाव तेवढं मेसेज कर. ती कानात सांगेल. तू आलीस की आपण परत...”

“परत काय? नाव दोनदा ठेवतात?” मी खेकसले. समोरच्या गृहस्थानं वर्तमानपत्र खाली केलं.

“तसं नाही गं.”

“मला कळतंय तसं नाही,” मी म्हटलं. “बाळ काय करतंय?”

“रडतंय. भूक लागलीय, झोप आलीय. ईप्सिता पण दमलीय. टाके आहेत तिचे.”

मी फोन ठेवला. सरहद्द ओलांडली की माझा फोन बंद पडायचा. परदेशातले दर बघून मी ती सोयच घेतली नव्हती, हाही एक माझा हिशेबीपणा. म्हणजे ठरवायचं ते आत्ताच. मी त्या गायीकडे बघत बसले. राग कुणावर काढायचा तेही कळेना. रेल्वेवर काढला असता, पण रेल्वेनं मला सात मिनिटांची जोडणी घे म्हणून पाय धरले नव्हते. आठ वर्षं वाट बघून आलेली पोर, तिला मी अजून वाट बघायला लावतेय. कशासाठी? तर मी म्हणजे मी.

मेसेज लिहिला. दोनच अक्षरं: ‘इरा’. बोट बराच वेळ बटणावर होतं. मग पाठवला. पाठवल्यावर ओठ घट्ट मिटून बसले, तरी डोळ्यांतून यायचं ते आलंच. समोरच्या गृहस्थानं न बोलता कागदी रुमालांचं पाकीट पुढे केलं. मी जर्मनमध्ये म्हटलं, “माझ्या भाचीचं नाव ठेवलं आत्ता.” तो म्हणाला, “अभिनंदन.” त्यावर मी जास्तच रडले. गाडी सुटली.

ब्रसेल्सला उतरून टॅक्सीनं सिद्धेशच्या इमारतीशी पोचले तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. साडी बॅगेतच. अंगात सकाळचा शर्ट, त्यावर दह्याचा डाग. जिन्याखालच्या हॉलचं दार उघडं होतं. म्हटलं, जाऊन गुपचूप कोपऱ्यात बसू, घुगऱ्या खाऊ, सगळ्यांना छान छान म्हणू. तेवढं तर जमेल.

दारातच सिद्धेश भेटला. चेहरा विचित्र, हसू दाबून धरलेलं.

“झालं ना सगळं नीट?” मी विचारलं.

“कसलं होतंय! तू आधी आत ये.”

आत गेले. टेबलावर जेवणं झालेली. अर्धी मंडळी डुलक्या घेत होती, अर्धी दुसऱ्यांदा खात होती. मालिनीताई भिंतीशी पंचांग घेऊन तोंड फुगवून बसल्या होत्या. मधोमध झेंडूच्या कागदी माळांनी सजवलेला पाळणा, रिकामा. शेजारी खुर्चीवर ईप्सिता, मांडीवर झोपलेलं बाळ. आणि पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला, दोरी मुठीत धरून, ताठ बसलेल्या माझ्या सासूबाई.

सिद्धेश माझ्या कानाशी बोलत होता. “तुझा मेसेज आला. उल्का उठली, पाळण्याजवळ गेली. तर यांनी दोरी धरली आणि विचारलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, मी आत्या. या म्हणाल्या, कुणाची? मग म्हणाल्या, या बाळाला आत्या एकच आहे आणि ती गाडीत आहे. तिची गाडी चुकलीय, आत्या चुकलेली नाही.”

“आणि मुहूर्त?”

“तेच मालिनीताई म्हणाल्या. तर यांनी विचारलं, पंचांग पुण्याचं ना? मग पुण्यात अडीच वाजले तेव्हा इथे अकराच वाजले होते. तेव्हा तर इथे खुर्च्याही मांडल्या नसतील. आता चुकलेल्या मुहूर्तावर बसायचं तर साडेतीनलाही बसता येईल.”

मला हसावं की रडावं कळेना. परक्यांच्या घरी, कुणाची कुणी नसलेली बाई, पन्नास माणसांना दोन तास थांबवून बसली होती. उल्का माझ्याजवळ आली. मला वाटलं आता ही मला बोलणार. ती म्हणाली, “बरं झालं आलात. मी इथे इतक्या जणांची आत्या झाले, पण माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं हो. घाबरले मी.” आणि माझी बॅग तिनं हातातून घेतली.

मी सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. म्हणायचं खूप होतं. तोंडातून निघालं एवढंच, “आई, तुम्ही जेवलात का?”

“नाव ठेव आधी,” त्या म्हणाल्या. “हात धू. शर्टावर दही आहे.”

हात धुतले. बाळाला त्यांनी शिवलेली कुंची घातली. झोपेतच ते पाळण्यात गेलं. बायकांनी पाळणा म्हटला, मालिनीताईंनीही म्हटला, पहिल्या ओळीला तोंड फुगवून आणि दुसरीपासून मोकळ्या आवाजात. मग सगळे गप्प झाले. मी वाकले. त्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला काही घाई नाहीय. कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. परत सांगितलं. पोरीनं झोपेत तोंड वाकडं केलं, अगदी आमच्या बाबांसारखं. सिद्धेशनं ते बघितलं आणि खिडकीकडे वळला.

आत्यानं नाव सांगितलं की मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. इतका वेळ ताटकळलेल्या बायका होत्या, त्यांनी काही हात राखला नाही. ईप्सितानं हळूच घातला, उल्कानं जोरात, मालिनीताईंनी मुहूर्ताचं सगळं वसूल केलं. मी हसत होते, “अगं पुरे, पुरे” करत होते. शेवटी सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्यांनी एक सणसणीत धपाटा घातला. म्हणाल्या, “हा बारशाचा.”

मी सरळ व्हायला गेले. त्यांनी खांदा धरून खाली दाबलं आणि दुसरा घातला. पहिल्यापेक्षा जोरात.

“आणि हा, मला फलाटावर टाकून पळालीस त्याचा.”

हॉलमध्ये हशा पिकला. मी मात्र तशीच वाकून राहिले. म्हटलं, “आई, अजून एक घाला.”